तात्यांची गाडी

गिअरतात्यांचा उभा जन्म बस डेपोच्या खड्ड्यात गेला. वर बस उभी, खाली तात्या पाना घेऊन. कोणत्या गाडीचा गिअर कधी रुसतो हे त्यांना तोंडपाठ होतं; पण फाटकाबाहेर पडून ती जाते कुठे, याची त्यांनी कधी फिकीर केली नाही.

"मी पोटाचा डॉक्टर. पेशंट कुठे हिंडतो त्याच्याशी मला काय करायचंय?" असं ते फणकाऱ्याने म्हणत.

निवृत्त झाल्यावर ते काकूंना घेऊन लेकीकडे निघाले. तिच्या घराकडे जाणारी बस आली तशी तात्यांनी नाक मुरडलं. "हिचा क्लच रडका आहे." मागोमाग दुसरी आली. "हिला चढावर धाप लागते."

"अहो, हिच्यात नुसतं बसायचंय, हिच्याशी संसार नाही करायचा!" काकू वैतागल्या.

तेवढ्यात तिसरी आली आणि तात्यांची कळी खुलली. "ही माझी! हिचा गिअरबॉक्स मी या हातांनी बसवलाय." काकूंना ओढत ते चढलेसुद्धा. वाटभर ते प्रत्येक गिअरला "वा!" म्हणून दाद देत होते. काकूंना डुलकी लागली.

शेवटच्या स्टॉपवर दोघं उतरली, तर समोर नुसतं मोकळं मैदान. काकूंनी वळून बसची पाटी वाचली आणि कपाळाला हात लावला. तात्यांनी ती वाचलीच नव्हती. खड्ड्यातून पाटी दिसते कुठे?

वाट पाहून थकलेल्या लेकीचा फोन आला. "बाबा, चुकीच्या बसमध्ये बसलात ना?"

तात्या भडकले. "बस अगदी बरोबर आहे! तुझं घरच चुकीच्या जागी आहे."