डाव्या हाताची शिकारीण

काकू घरी आल्या की दारातून आधी धनुष्याची पेटी आत यायची आणि मग काकू. शेजारच्या जर्मन आजीने पहिल्यांदा ती पेटी बघून विचारलं होतं, "काय वाजवता?" काकू म्हणाल्या, "वाजवत नाही. मारतो." आजी त्यानंतर आठवडाभर पडद्याआडूनच आमच्याकडे बघत होती. काकूंना हे सांगताना कोण आनंद व्हायचा.

जर्मनीत नेकारसुल्म शहराजवळ द्राक्षमळ्यांच्या एका गावात त्यांचं घर होतं आणि त्या घराच्या माळ्यावरच्या खोलीत मी माझी पीएचडीची वर्षं काढली. काकू मूळच्या कोल्हापूरच्या. तिकडच्या बायकांसारख्या त्या स्वतःबद्दल 'मी आलो, मी गेलो' असंच बोलायच्या आणि जर्मनीत इतकी वर्षं काढूनही ते सुटलं नव्हतं. काका पुण्याचे, कडक शाकाहारी, चातुर्मासात कांदा-लसूणसुद्धा बंद. दोघांनी घरच्यांशी भांडून लग्न केलं आणि गाड्यांच्या कारखान्यात नोकऱ्या धरून इकडे आले. कोल्हापूरच्या मुलीने पुण्याच्या घरात जाऊन पन्नास माणसांची तोंडं बंद केली, तिला जर्मनीत कशाची भीती वाटणार!

जर्मनीत शिकार करायची तर मोठी परीक्षा द्यावी लागते. प्राणी, झाडं, बंदुका, कायदे, सगळं जर्मनमधून. काकू ती पहिल्या झटक्यात पास झाल्या. पण बंदूक त्यांना आवडेना. "लांबनं ठो करायचं आणि घरी यायचं, त्यात काय? जीव घ्यायचा तर जवळ जाऊन घ्यावा. त्याचा श्वास ऐकू आला पाहिजे," असं त्या म्हणायच्या. धनुष्याने शिकार करायला जर्मनीत बंदी. मग काकूंनी ऱ्हाईनपलीकडे फ्रान्समध्ये एका म्हाताऱ्याचं रान शोधलं, तिथले कागद केले, आणि दर उन्हाळ्यात रेह नावाच्या छोट्या हरणामागे जायला लागल्या. काका त्यांना पोळ्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून द्यायचे आणि गाडी वळणाआड गेली की काही मिळू नये म्हणून देवापुढे हात जोडायचे. मी स्वतः पाहिलंय.

मराठी मंडळात काकूंना मागे 'शिकारीण' म्हणत. ते कानावर आल्यावर पुढच्या कार्यक्रमात नव्या लोकांना त्या स्वतःच ओळख करून द्यायला लागल्या, "नमस्कार, मी शिकारीण काकू." एकदा मंडळाच्या उन्हाळी ग्रिल पार्टीत एका बाईंनी चिकनची तंगडी हातात धरून त्यांना विचारलं, "अहो, जीव घेताना हात कसा धजतो हो तुमचा?" काकूंनी तंगडीकडे बघितलं. म्हणाल्या, "आणि ही कोंबडी काय आत्महत्या करून आली?" मी हसू दाबायला म्हणून पाणी प्यायले आणि मला जोरात ठसका लागला.

खरी गंमत अशी की तोवर काकूंनी धनुष्याने एकही जनावर मारलं नव्हतं. वर्षानुवर्षं जायच्या आणि रिकाम्या हाताने परत यायच्या. त्यांचा नियम कडक होता. जनावर जवळ हवं, आडवं उभं हवं आणि निवांत हवं. त्यातलं एक जरी नसलं तरी बाण सुटणार नाही. "जखमी करून सोडायचं म्हणजे पाप. ते मला चालत नाही." लोक म्हणायचे, हिला जमतच नाही, नुसता गाजावाजा. काकू उत्तर द्यायच्या नाहीत. आणि काकू उत्तर देत नाहीत म्हणजे त्यांना ते लागलंय, एवढं मला कळायला लागलं होतं.

मग आजार आला. उजव्या बाजूचा स्तन काढला, काखेतल्या गाठी काढल्या. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, उजव्या हाताने दोरी ओढणं आता विसरा. घरी आल्यावर काका हळूच म्हणाले, "अगं, पुरे आता. खूप झालं."

"अहो, उजवा म्हणाली ती," काकू म्हणाल्या. "डावा आहे की."

आणि त्यांनी डावखुऱ्यांचं धनुष्य मागवलं. पन्नाशी उलटलेली, केस गेलेली बाई तळघरात कागदी ठिपक्यावर पहिल्यापासून शिकायला लागली. डाव्या हाताने ओढायचं, उजव्या हाताने नुसतं धरायचं. सुरुवातीला बाण भिंतीत जायचे. एक काकांच्या लोणच्याच्या बरणीत गेला. काका खाली धावत आले, बरणीकडे बघितलं आणि फरशी पुसायला लागले. काकू जर्मन थाटात म्हणाल्या, "आल्झो, चला, कैरीची शिकार झाली!" त्या दिवशी काका कितीतरी महिन्यांनी मोठ्याने हसले.

आजार परत आला तेव्हा उन्हाळा तोंडावर होता. पुढचा उन्हाळा मिळणार नाही हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं, पण काकूंनी ओळखलं होतं. त्यांना फक्त एक नीट, स्वच्छ बाण हवा होता. स्वतःच्या हाताचा. धनुष्य त्या ओढू शकत होत्या, पण बाकी ओझं उचलायला कुणीतरी हवं होतं, म्हणून मी गेले. रक्त बघून मला चक्कर येते हे मी सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या, "ये. चक्कर आली तर झाडाला टेकून बस. झाडं भरपूर आहेत तिथं."

पहाटे आम्ही नेच्यांच्या झुडपांआड बसलो. रेहचा पहिला नर आला तो थेट आमच्याकडे तोंड करून. काकूंनी दोरी ओढली, धरली आणि हळूहळू परत सैल सोडली. त्यांच्या ओठावर घाम आला होता. मला रडू यायला लागलं. मला वाटलं, गेलं, आता दुसऱ्यांदा ओढायची ताकद राहणार नाही. मी कुजबुजले, "काकू, जाऊया?" त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी परत नेच्यांआड वाकले.

ऊन वर आल्यावर दुसरा आला. चरत चरत, आडवा, अगदी निवांत. त्याच्या पाठीवरचं ऊन मला दिसत होतं. काकूंनी कधी ओढलं ते मला कळलंच नाही. बारीकसा आवाज झाला, नर उडी मारून नेच्यांत शिरला आणि सगळं शांत झालं. मी उठून धावणार एवढ्यात काकूंनी माझी ओढणी धरून मला खाली बसवलं.

"बस. बाण लागल्यावर मागं धावायचं नाही. मागं लागलं की ते भिऊन पळतंय. त्याला शांतपणे मरू दे."

आम्ही बसून राहिलो. काकूंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "चल." तो जवळच पडला होता. रानमालक म्हातारा आला, त्याने ओकची छोटी फांदी तोडून मेलेल्या नराच्या तोंडात ठेवली. तिकडच्या शिकाऱ्यांची ती रीत, त्याला 'शेवटचा घास' म्हणतात. काकूंनी रुमालाच्या घडीतून घरच्या खिडकीतल्या कुंडीतलं तुळशीचं पान काढलं आणि फांदीशेजारी ठेवलं. म्हाताऱ्याने टोपी काढली. मला चक्कर आली नाही. मला काकूंचा इतका अभिमान वाटत होता की चक्कर यायला जागाच नव्हती.

त्यानंतर डॉक्टरांनी आणखी एक औषधयोजना सुचवली. काकूंनी नको म्हणून सांगितलं. त्यांचा मुलगा म्युनिकहून आला, जर्मनमधून भांडला, रडला. काकू त्याला म्हणाल्या, "आता माझ्या मागं धावू नको." पानगळ संपायच्या आत त्या गेल्या.

तेराव्याला मंडळातली माणसं घरी आली. मंडळातल्या बायकांनी मनापासून सगळा स्वयंपाक केला होता, वरण-भात, पुरी, श्रीखंड. काकूंच्या फोटोपुढे पान वाढलं. तेवढ्यात कुणीतरी उसासा टाकला, "बिचारी. शेवटी शेवटी भ्रमच झाला असणार, नाहीतर असल्या अवस्थेत जीव मारायला कोण जातं?"

काका उठून आत गेले. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून खड्या मसाल्याचा वास यायला लागला. मी आत गेले तर काका कोल्हापुरी मसाल्याचा डबा उघडून उभे होते, शेगडीवर काकूंनी मारलेल्या त्या हरणाच्या, फ्रीझरमध्ये जपून ठेवलेल्या मटणाचा रस्सा उकळत होता आणि ते नाकाला रुमाल लावून तो ढवळत होते. जन्मात त्यांनी मटणाच्या भांड्याला हात लावला नव्हता. मी पुढे झाले तर म्हणाले, "नको. मला करू दे."

वाटी घेऊन ते बाहेर आले आणि त्यांनी ती फोटोपुढच्या पानात, श्रीखंडाशेजारी ठेवली. काका आयुष्यात कधी आवाज चढवून बोलले नव्हते. तेव्हाही चढवला नाही.

"हे तिचं आहे," ते म्हणाले. "तिने स्वतः मिळवलेलं. ती बिचारी नव्हती. कुणाला विटाळ वाटत असेल तर त्यांनी आत्ताच उठावं, मी वाईट वाटून घेणार नाही."

मग मांडी घालून ते पानासमोर बसले आणि एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिले. कुणीही उठलं नाही.