पंपघराची दुसरी किल्ली

चोऱ्या मी नोकरीत पुष्कळ पाहिल्या, पण चोराला मालाची गरजच नव्हती अशी एकच. ती अजून डोक्यातून जात नाही.

ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. नागपुरात तेव्हा फ्लॅट ही नवलाई होती. दक्षिणेकडच्या नव्या वस्तीत आठ बिऱ्हाडांची एक सोसायटी होती. मी पोलीस क्वार्टरमध्ये राहणारा. खोटं कशाला बोलू, त्या मालक मंडळींचा मला हेवा वाटायचा. पण आत डोकावलं तर आठ घरांत नऊ भांडणं! सेक्रेटरीविरुद्ध कुणीतरी सारखे अर्ज करत होतं, आणि कमिटीवर यायला दुसरं कुणी तयार नव्हतं. शेवटी सहकार खात्याने सोसायटीवर प्रशासक नेमला.

हे प्रशासक ऐन मे महिन्यात चार्ज घ्यायला गेले. पंपघराचं कुलूप शाबूत, आत मोटर गायब. किल्ली एकट्या सेक्रेटरीकडे. प्रशासकांनी सरळ ठाण्यात येऊन फिर्याद दिली.

सेक्रेटरी सरकारी कारकून. अटक झाली असती तर निलंबन ठरलेलं, आणि घरात मुलीचं लग्न जमलेलं. तो खाली मान घालून म्हणाला, "साहेब, किल्ली माह्याजवळच होती. दुसऱ्या कोणावर शक घेऊ?"

हवालदार म्हणाला, "साहेब, टाकू का आत?" मी त्याला थांबवलं. चोर इतका सोपा सापडला की मला पचत नाही. आधी घरोघर जबाब घ्यायचे ठरवले.

मोटर गेल्यापासून इमारतीत पाण्याचा ठणठणाट. प्रत्येक घरी पाहुण्याला पाणी द्यायचं म्हणून अर्धा पेला पुढे येई, तोही शरमेने. कूलरमध्ये घालायला पाणी नाही म्हणून तेही बंद, माणसं पुठ्ठ्याने वारा घेत बसलेली. सेक्रेटरीच्या घरीही तेच.

त्याच्या समोरच्या दारात राहणारा त्याचा जुना मित्र. एकाच ऑफिसात, एकाच दिवशी नोकरीला लागलेले. मित्र बाहेर गेला होता. त्याच्या बायकोने मला पाहिलं आणि भरलेली बादली मोरीत ठेवली.

"उन्हातून आले जी, आधी हातपाय धुऊन घ्या."

मी धुतले. थंडगार पाणी. मागे कूलर गारवा देत होता. मी सहज विचारलं, "वहिनी, एवढं पाणी कुठून?"

"यायनंच सांगतलं होतं ना, सारे ड्रम भरून ठेव म्हणून. मोटर आता बिघडन म्हणे."

कधी ते विचारलं, तर मोटर जायच्या आदल्या दिवशीच नवऱ्याने सांगितलं होतं. बिचारीला आपण काय बोललो याचा पत्ता नव्हता.

मित्राला ठाण्यात आणलं. तासभर तो ताठ होता. मी त्याला मोटरबद्दल काही विचारलंच नाही. "तुमचे सेक्रेटरी भला माणूस हो, सगळी बिल्डिंग त्यांचं नाव काढते," एवढंच म्हणत राहिलो. तिसऱ्यांदा म्हणालो तसा तो उसळला.

"काहून नाही काढन? सोबतच नोकरीले लागलो, सोबतच फ्लॅट घेतला. पण माह्या दाराची घंटी कोणी वाजवली तं फक्त पुसाले, सेक्रेटरी कुठं राहतात! अर्ज मीच केले. प्रशासक नेमला, तरी लोक त्याच्याच दारात!" मग आवाज खाली आला. "कुलूप आम्ही दोघांनी मिळून आणलं होतं. एक किल्ली माह्याजवळ राहिली. त्यानं कधी वापस मागितलीच नाही."

स्वतःचं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करणारे पाहिले होते. हा तर ड्रम भरून, तयारीनिशी नाक कापायला बसला होता. मोटर काटोलला सासऱ्याच्या बागेत, विहिरीजवळच्या खोलीत सापडली. संत्र्याच्या पेटीत घालून एसटीने नेली होती. पंचनामा करून मुद्देमाल आणला.

कोर्टाने जामीन दिला, पण जामीनदार मिळेना. भाऊबंदांनी हात वर केले. तेव्हा सेक्रेटरीच पुढे आला.

त्याला बघून आरोपी माझ्याकडे वळला. डोळ्यांत पाणी होतं, पण पश्चात्तापाचं नव्हतं. "साहेब, ह्याचा जामीन नका घेऊ जी. आता सारी बिल्डिंग म्हणन, किती मोठ्या मनाचा हाय! मी जेलात राहीन." बायको व्हरांड्यात रडत होती. तो तिच्याकडे न बघता जेलच्या गाडीत चढून बसला.

तोवर तपासात माझा पहिला प्रश्न असे, "तुमचं वैर कोणाशी?" त्यानंतर मी आधी विचारू लागलो, "तुमचा जुना मित्र कोण?"