रिकामी टाकी

मालकाने मला पहिल्यांदा मारलं ते पेट्रोलच्या वासावरून. मेहकरजवळच्या आपल्या पऱ्हाटीच्या रानात त्याने विमान उतरवायला पट्टी सपाट करून घेतली होती आणि लढाई संपल्यावर मोडीत निघालेलं एक जुनं दुपंखी विमान आणून ठेवलं होतं. विमान तो स्वतः उडवायचा. लढाईत मी विमानं दुरुस्त करणारा फिटर होतो, म्हणून ते धूड माझ्या गळ्यात पडलं. त्या दिवशी तो खाली उतरला तोच डोकं धरून. कमरेचा पट्टा काढून त्याने माझ्या पाठीवर दोन ओढले.

"टाकी गळून राह्यली बे! जिवंत जाळतं का मले?"

दोन दिवसांनी त्याच्या लेकीचं लग्न होतं. वरातीवर विमानातून फुलं टाकीन, असं तो साऱ्या तालुक्याला सांगून बसला होता. टाकी उद्यापर्यंत झाली नाही तर मला कडुलिंबाला बांधून फोडीन, म्हणाला. तो बोलेल ते करायचा.

माझाही स्वभाव काही गरीब गाईचा नव्हता. वरून मार बसला की मी तो खाली कुणावर तरी उतरवायचो. बायकोने तो सोसला, बैलांनी सोसला. आज लिहिताना लाज वाटते, पण खरं तेच आहे.

टाकी वरच्या पंखाच्या मधोमध होती. ती काढली, रिकामी केली, तोंडं लाकडी खुंट्यांनी बंद केली. सायकलच्या पंपाने आत हळूच हवा भरली आणि दाढीच्या ब्रशाने सगळ्या जोडांवर साबणाचा फेस लावला. मागच्या जोडावर एकामागून एक बुडबुडे फुटू लागले. तांदळाच्या दाण्याएवढी भेग होती. तिच्याभोवती पेन्सिलीने गोल काढला आणि खुंट्या उपसल्या.

कथलाचा डाग देऊन भेग बुजवायला मी मेहकरच्या म्हाताऱ्या टिनवाल्या चाचाला बोलावलं. लढाईवर जाण्याआधी हे काम मी त्याच्याकडेच शिकलो होतो, आणि त्याच्याइतका साफ हात अख्ख्या तालुक्यात नव्हता. पण त्याचं सारं आयुष्य घासलेटच्या डब्यांत गेलेलं. डाग देण्याआधी डब्याच्या तोंडात जळती काडी टाकायची, भप्पकन जाळ बाहेर आला की डबा साफ झाला, ही त्याची रीत. घासलेटला ती चालून जायची. पेट्रोलची रिकामी टाकी भरलेलीपेक्षा वाईट. आत थेंब नसला तरी वाफ असते. उकळतं पाणी भरायचं, ओतायचं, पुन्हा भरायचं. अर्धा दिवस असं केल्याशिवाय जवळ विस्तव न्यायचा नाही. लढाईत दोन फिटर या एका चुकीने गेलेले मी पाहिले होते. चाचाने नव्हते पाहिले.

लग्नाच्या आचाऱ्यांना पाणी उकळायला सांगून मी परत आलो, तर चाचा जळती काडी घेऊन टाकीवर वाकलेला. मी धावलो आणि त्याच्या कानाखाली एवढ्या जोराने वाजवली की त्याची टोपी धुळीत पडली आणि ओठातून रक्त आलं. मांडव घालणारी माणसं हसली.

"परत हात लावला तर तंगडं मोडीन, म्हाताऱ्या!" मी ओरडलो आणि काडी पायाखाली चिरडली.

त्याने टोपी उचलून झटकली. "पन्नास वरसं झाले डबे डागून राह्यलो मी," तो म्हणाला. "तू मले शिकवतं?"

चाचा, हे घासलेट नव्हे, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण डोकं तापलेलं. मी तसाच पाणी आणायला गेलो. डाग द्यायला पेटवलेली त्याची शेगडी विझवावी, हेही सुचलं नाही.

हंडा घेऊन मी वीसेक पावलांवर आलो असेन, तेवढ्यात चाचाने शेगडीवर काडी पेटवून आत टाकली आणि टाकी फुटली. पत्रा उडून बैलगाडीच्या चाकात रुतला. चाचा पाठीवर पडून ओरडत होता. भुवया नव्हत्या, उजव्या हाताची तीन बोटं नव्हती, डोळ्यांच्या जागी नुसतं लाल दिसत होतं. मालक धावत आला, त्याला ओलांडून पत्र्याकडे गेला आणि म्हणाला, "टाकीची वाट लावली साल्यानं!"

मी लाकडी हातोडा उचलला आणि त्याच्या जबड्यावर हाणला. दुसराही हाणला. मग त्याच्या माणसांनी मला कडुलिंबाला बांधलं आणि फोडलं. माझ्या डाव्या कानाला तेव्हापासून ऐकू येत नाही.

बरा झाल्यावर मी चाचाच्या घरी गेलो. तो खाटेवर बसला होता, डोळ्यांवर फडकं. त्याच्या लेकीने मला पाहिलं आणि चुलीवर चहाचं आधण ठेवलं. माफीचे शब्द मी वाटभर जुळवले होते. ते त्याने बोलूच दिले नाहीत.

"एक सांग बेटा. त्या दिवशी मले काऊन मारलं होतं तुनं?"

मी सांगितलं. घासलेट आणि पेट्रोलमधला फरक, आतली वाफ, उकळतं पाणी, ते दोन फिटर, सगळं. कारागीर ऐकतो तसं तो मान हलवत ऐकत होता.

"हाव," तो म्हणाला. "समजलं."

माझं सांगून झालं, तेव्हा चुलीवरचं आधण अजून उकळलंही नव्हतं.