कमलचं इंग्रजी

यातल्या एका शब्दावर तरी विश्वास ठेवून दाखव, पोरी! नाहीच ठेवणार तू. मंडईत मला थापाडी शांता म्हणतात ते काय उगीच? पण चाळीस वर्षं एका गाळ्यावर बसलं की किस्से साठतातच. भाजी संध्याकाळपर्यंत मान टाकते, हे मेले ताजेच राहतात.

* * *

शेपू म्हणलं की कॉलेजच्या पोरी नाक मुरडतात. एकदा मी तीच जुडी पुढं केली आणि म्हणलं, "ऑरगॅनिक डिल!" तिघी तीन जुड्या घेऊन गेल्या, वर मलाच थँक्यू!

शेजारच्या गाळ्यावरची माझी मैत्रीण कमल हसून हसून बेजार. "शांते, तुला इंग्रजी येतं तरी किती?"

"विकण्यापुरतं!"

* * *

कमलला मात्र बोलण्यापुरतं हवं होतं. मुलगा शिरीष अमेरिकेत. त्याची सात वर्षांची इरा, तिला मराठीचा एक शब्द येत नाही. व्हिडिओ कॉलवर ती काहीबाही विचारायची, आणि आमची कमल सगळ्याला "येस, येस!"

एकदा असंच येस येस झालं आणि पोरगी किंचाळत पळाली. शिरीष म्हणाला, "आई, ती विचारत होती, ग्रॅनी, तू आता मरणार का?"

त्यानंतर इरा फोनवर येईचना. कमलनं धसकाच घेतला. "शांते, इंग्रजी शिकून एकदा तिची समजूत घालते. मगच मरते."

* * *

मग मोबाईलवर शिकवणी सुरू झाली. दुपारी गिऱ्हाईक नसलं की फोनमधली बाई प्रश्न विचारायची आणि ही उत्तरं द्यायची. एका दुपारी मी गंमत म्हणून तो फोन बंद केला आणि माझ्या कोथिंबिरीखाली लपवला. म्हणलं, शोधू दे जरा!

कमल आपली "आय एम फाइन, थँक्यू" म्हणतेय. थांबतेय. मान डोलवतेय. परत उत्तर देतेय.

"कोणाशी गं?"

"बाई शिकवतायत. मध्ये बोलू नकोस!"

मी गुपचूप फोन तिच्या पिशवीत ठेवून दिला. पुन्हा नाही लपवला!

* * *

मंडईत एक काळं कुत्रं होतं. "हाड, हाड" करून माझा घसा बसला, ते हलायचं नाही. एक दिवस कमल त्याच्या डोळ्यात बघून हळूच म्हणाली, "गो होम."

उठलं. सरळ चालायला लागलं. परत कधी दिसलं नाही.

रस्त्यावरचं कुत्रं ते! त्याला कुठलं आलंय होम?

* * *

पुढं एक गोरी बाई आली फोटो काढत, बरोबर गाइड. कमल तिच्याशी असं घडाघडा बोलली की माझ्या हातातला तराजू तसाच राहिला. गोरी बाई आणखी पांढरी पडली.

मी गाइडला विचारलं, "भाव जास्त सांगितला का रे?"

"भावाचं नाही आजी. ह्या अगदी तिच्या वारलेल्या आईसारख्या बोलतात म्हणे. आणि तिला घरातल्या नावानं हाक मारली!"

कमल घाम पुसत म्हणाली, "जमतंय आता. रविवारी इराला फोन लावते."

शनिवारी गेली. गाळ्यावरच, बसल्या जागी.

* * *

दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. शिरीष एकटाच आला होता. हात जोडून म्हणाला, "आई, तुझा गाळा विकणार नाही." कावळे भिंतीवर ढिम्म. गुरुजींनी घड्याळ बघितलं. "दर्भाचा कावळा करून शिववू आता."

मी म्हणलं, "थांबा हो. शिरीष, पोरीला फोन लाव. पिंडासमोर धर."

इरा दिसली. डोळे सुजलेले. म्हणाली, "इज ग्रॅनी डेड?" एवढं तर मलाही कळलं.

मग आमच्यातूनच आवाज आला. कमलचा. "नो, नो, इरा. लिसन टू ग्रॅनी." आणि पुढं कितीतरी वेळ नुसतं इंग्रजी, पाण्यासारखं. इरानं नाक पुसलं. हसली. तोवर कावळा झपकन उतरला आणि शिवला.

शिरीष माझ्यावरच उखडला. "अहो मावशी, ही काय थट्टेची वेळ आहे? आईचा आवाज काढता?"

मी कसली बोलतेय, पोरी! रडू ऐकू जाऊ नये म्हणून पदराचा बोळा होता माझ्या तोंडात!

अशी बघत बसू नकोस माझ्याकडं. उचल ती पिशवी, आणि जा आता.