निवडलेला मका

प्रयोगशाळेतल्या दळणवाल्या मावशीला घाण म्हणून खपत नसे. टेबलावर साधा डाग दिसला तरी नाक मुरडायची. मक्याचे नमुने दळायचे आणि पीठ संशोधक बाईंच्या हातात द्यायचं, एवढंच तिचं काम. बाई त्या पिठाचा अर्क सेन्सरच्या पट्टीवर टाकायच्या. बुरशीचं विष कणभर असलं तरी पट्टी काळी पडावी, यासाठी त्या सहा वर्षं झिजल्या होत्या.

आणि पट्टी काही केल्या काळी पडेना! मका बाळांचं पीठ करणाऱ्या कारखान्याचा. पोतं उघडलं की कुबट वास डोक्यात जायचा, तरी पट्टी पांढरी ती पांढरीच. बाई रडकुंडीला आल्या. मावशीला मात्र केवढं कौतुक. लेकीला तिने सांगूनही टाकलं, "त्या कारखान्याचं पीठ आमच्याकडे पास झालंय, बाळाला बिनधास्त घाल."

एका सकाळी बाई दळणाच्या खोलीत डोकावल्या. मावशी ताटात मका पसरून हिरवट, किडके दाणे डब्यात टाकत होती.

"मावशी, हे काय?"

"अगंबाई, निवडल्याशिवाय दळतं का कोणी?"

बाईंनी कपाळावर हात मारला. डब्यातले दाणे दळले, तर पट्टी कोळशासारखी काळी. विष नेमकं त्या चार दाण्यांतच बसतं आणि कारखान्यात ते कोणी निवडून टाकत नाही, बाई म्हणाल्या.  मावशीची आठ महिन्यांची नात तेच पीठ रोज दोन वाट्या खायची.

दोघी तडक प्रयोगशाळेच्या साहेबांकडे गेल्या. साहेबाने पट्टी पाहिली आणि हसला मेला! "मावशी, तुमच्या हाताला गुण आहे. निवडतच जा. कारखाना खूश, आपणही खूश." वर कपाटातून त्याच पिठाचं खोकं काढून पुढे केलं. "नातीला न्या."

शी! बाईंनीही पट्टी खिशात घातली. एवढं शिकून काय उपयोग?

मावशीने खोकं फोडलं, टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासात चमचाभर पीठ कालवलं आणि साहेबापुढे सरकवलं. "एक घोट घ्या. मग जन्मभर निवडते."

साहेबाने खुर्ची मागे ओढली.

मावशीने तिथेच लेकीला फोन लावला. "बाळ काय करतंय?"

"खातंय की."

"तोंडातलं काढ. बोट घालून काढ आधी!"

"अगं, पण तूच म्हणालीस ना, बिनधास्त घाल म्हणून?"

"हो," मावशी म्हणाली, "मीच म्हणाले."