खटक्याच्या मागे

आटपाडीच्या पूर्वेला, जिथं बाभळी आणि कुसळं सोडून फारसं काही आपणहून उगवत नाही, त्या माळावर बिरदेव पुकळ्याची वस्ती आहे. बिरदेवाचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं घाट उतरण्यात आणि चढण्यात गेलं. टेंभू योजनेचं पाणी आलं तसं त्यानं डाळिंब लावलं, मेंढरं भावाच्या हवाली केली आणि एका जागी राहायला शिकला. त्याची थोरली लेक स्वप्नाली मात्र जमिनीवर राहिली नाही. शिष्यवृत्तीवर शिकली, वैमानिक झाली. आटपाडीच्या बाजारात बायका अंबूबाईला थांबवून विचारायच्या, "आवं, तुमची पोरगी इमान चालवती म्हनं, खरं का?" अंबूबाई पदर सावरून म्हणायची, "चालवती खरं. पर अजून मोठा सायब बाजूला बसतो."

तो मोठा साहेब म्हणजे कॅप्टन नाथाजी भोईटे. साताऱ्यातल्या खंडाळ्याकडचा, उसाच्या घरातला माणूस. हवाई दलात पंख्यांची मालवाहू विमानं चालवण्यात त्याची उमर गेली होती, आणि निवृत्तीनंतर तो एका लहानशा कंपनीत आला होता. कंपनीकडं दोन पंख्यांची, जुनी, एकोणीस माणसं मावतील अशी विमानं होती. ती पुण्याहून लहानसहान गावांना जायची.

परवाना हातात पडूनही स्वप्नालीला कुठं नोकरी मिळत नव्हती. मुलाखतीत तिचं गाव विचारायचे आणि नंतर कळवतो म्हणायचे. नाथाजीनंच कंपनीत तिच्यासाठी शब्द टाकला. "माळावरची पोर आहे, वारा ओळखते," एवढंच तो म्हणाला होता म्हणे. पहिल्या पावसाळ्यात त्यानं तिला ढगात कसं शिरायचं नाही ते शिकवलं. आडव्या वाऱ्यात चाक कसं टेकवायचं, घाबरलेला प्रवासी आवाजावरून कसा ओळखायचा, सगळं शिकवलं. तिला तो 'पोरी' म्हणायचा. त्याची बायको संयोगिता तिच्यासाठी डब्यात जास्तीची भाकरी घालायची. स्वतःच्या बापाला जे सांगता येत नव्हतं ते स्वप्नाली या माणसाला सांगायची, आणि तो ऐकून घ्यायचा.

त्याची एक खोड मात्र तिच्या ध्यानात आली.

अशा विमानात दोन्ही इंजिनांचा जोर कमी-जास्त करायला वैमानिकांच्या मधोमध दोन लिव्हर असतात. पुढं सारले की जोर वाढतो, मागं ओढले की कमी होतो. मागं येता येता एका जागी ते अडतात. हवेत असताना तिथंच थांबायचं. त्याच्याही मागं जायचं तर बोटांनी खटका उचलावा लागतो, आणि तो उचलायचा चाकं जमिनीला टेकल्यावरच. खटक्याच्या मागं गेलं की पंख्याची पाती सपाट होतात आणि वाऱ्यासमोर ताटासारखी उभी राहतात. जमिनीवर त्यानं विमान पटकन थांबतं. हवेत केलं तर काय होईल, याचा नेम नाही.

एकदा रिकामं विमान परत नेत असताना ते धावपट्टीच्या मानानं फार उंचावर राहिले. नाथाजीनं बोलता बोलता खटका उचलला आणि लिव्हर केसभर मागं घेतले. विमान विहिरीत सोडलेल्या पोहऱ्यासारखं खाली गेलं. 

"सर, हे हवेत करायचं नसतं."

"नसतं," नाथाजी हसला. "पण हात बसलेला असला की होतं. फौजेत डोंगरातल्या पट्ट्यांवर आम्ही असेच उतरायचो."

"ती विमानं वेगळी होती, सर."

त्यानं नजर पुन्हा धावपट्टीकडं वळवली. मग म्हणाला, "बरं बाई. नाही करत."

तिनं विश्वास ठेवला. दुसरा सहवैमानिक विश्वजित, त्याला तिनं सहज विचारलं, तर तो इकडंतिकडं बघून म्हणाला, "करतात ते कधीकधी. तू कशाला बोलतीस? वर्षभरात रिटायर होतील." कंपनीत सगळ्यांनाच ठाऊक होतं आणि सगळेच वर्ष सरायची वाट बघत होते.

माघाच्या शेवटी एका दुपारी ते ऊसपट्ट्यातल्या नव्या धावपट्टीकडं निघाले होते. आधीच उशीर झालेला. खाली पाचट पेटवलेलं, त्यामुळं धुरकट हवा. धावपट्टी दिसली ती फार उशिरा, आणि विमान उंचावर, वेगात.

"सर, आपण उंच आहोत. फेरी मारून परत येऊ."

"कशाला? बसतंय."

"नाही बसत, सर."

नाथाजीची बोटं खटक्याकडं गेलेली तिनं पाहिली. तिनं आपला डावा हात लिव्हरच्या मागं आडवा घातला.

"हात काढ."

"नको, सर. मागं माणसं आहेत."

"स्वप्नाली, हात काढ म्हणतो!"

त्यानं जोरानं ओढलं. उजवा लिव्हर तिच्या तळव्यावर अडला. डावा निसटून मागं गेला. त्याबरोबर डावीकडून असा आवाज उठला की तसा तिनं आधी कधी ऐकला नव्हता, करवतीत लोखंड अडकल्यासारखा. विमानानं डावा खांदा टाकला आणि नाक गर्रकन वळलं. काचेतलं आभाळ गेलं आणि उसाचे तुरे आले. मागं माणसं ओरडली. नाथाजीचा हात लिव्हरवर तसाच होता. तो ना ओढत होता ना ढकलत होता. गोठला होता.

"कंट्रोल माझ्याकडं!" ती ओरडली. त्याच्या हातासकट तिनं दोन्ही लिव्हर पुढं सारले आणि पाय उजव्या पॅडलवर शेवटपर्यंत दाबून धरला. डावं इंजिन खोकलं, थरथरलं, पण धरलं. उसाची पानं वेगवेगळी ओळखू येतील इतक्या खालून विमान कसंबसं वर आलं. मोठी फेरी मारून ते उतरले.  धावपट्टीवर विमान थांबलं तेव्हा नाथाजीच्या शर्टाची पाठ भिजून अंगाला चिकटली होती.

मागं बाकी सगळे शाबूत होते. फक्त विट्याकडची एक म्हातारी, राहीबाई, जायबंदी झाली. लेक फौजेत होता, त्यानं हौसेनं आईचं तिकीट काढलं होतं. पट्टा पोटाला रुततो म्हणून तिनं तो ढिला केला होता. ती उसळून वर आपटली होती.

प्रवासी उतरून गेले. नाथाजी जागेवरून उठला नाही.

"पोरी," तो समोर बघत म्हणाला, "वाऱ्याचा झोत होता. मी तसं सांगणार आहे. तू फक्त नाही म्हणू नकोस."

 तिचा तळवा सुजून निळा पडत चालला होता. तो लपवावा की दाखवावा, एवढंही तिला सुचत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती सांगलीला दवाखान्यात राहीबाईला बघायला गेली. म्हातारीच्या मानेला पट्टा होता, उजवा हात बांधलेला. स्वप्नालीनं आपण कोण ते सांगितलं. म्हातारीनं तिला खाटेवर बसवून घेतलं आणि डाव्या हातानं तिच्या तोंडावरून हात फिरवला.

"तूच व्हय गं? लय भिलीस आसशील लेकी. तुमचं मोठं सायेब सांगून गेलं, वाऱ्यानं झालं म्हनून. वाऱ्याला कोन बोलनार?" मग जरा थांबून म्हणाली, "माजंच चुकलं. पट्टा ढिला केला मी. पोरगा रागं भरंल."

स्वप्नाली जिना उतरून खाली आली आणि दवाखान्याच्या दारातल्या पायरीवर बसून रडली. कदाचित ती गप्पही बसली असती. वर्ष सरलं असतं, साहेब हार घालून घेऊन घरी गेला असता. पण म्हातारी स्वतःला दोष देत होती, ते तिला सोसेना.

आधी ती नाथाजीकडंच गेली. "सर, तुम्ही सांगा. मी तुमच्याबरोबर येते. तुम्ही सांगितलं तर वेगळं दिसेल."

 "माझ्या शब्दावर तू इथं आलीस," नाथाजी एवढंच म्हणाला.

"म्हणून तर आधी तुमच्याकडं आले, सर."

तो उठून आत गेला. तिनं वाट बघितली. तो बाहेर आला नाही, तेव्हा ती तशीच गेली आणि चौकशी करणाऱ्यांना सगळं सांगितलं.

चौकशीत डावं इंजिन उघडलं. आतल्या चाकांची पाती कडेनं चिरली होती. मर्यादेच्या बाहेर फिरल्याची खूण होती ती, वाऱ्याची नव्हे. पुढच्या एखाद्या फेरीत ते हवेतच फुटलं असतं. विश्वजितनंही मग मान खाली घालून आपण पाहिलं होतं ते कबूल केलं. नाथाजीचा परवाना गेला. हवाई दलातली पदकं भिंतीवर असलेल्या माणसाला कंपनीनं निरोपाचा चहासुद्धा दिला नाही.

आणि स्वप्नालीला कुणी शाबासकी दिली नाही. तिच्याबरोबर उडायचं म्हटलं की इतर कॅप्टन ड्यूटी बदलून घ्यायचे. करार संपला तेव्हा कंपनीनं तो पुढं वाढवला नाही. ती गावी आली. पारावर कुणीतरी तिला ऐकू जाईल असं बोललं, "इमानवाली पोरगी, पर इमान न्हाई तिच्यात. ज्यानं हात दिला त्याचाच हात कापला." पार खो खो हसला.

बिरदेवानं ते ऐकलं. त्या दिवशी मोटरीपाशी बसून त्यानं लेकीला पहिल्यांदाच विचारलं, "नेमकं केलं काय गं त्या सायबानं?"

ती कसं सांगावं म्हणून थांबली. मग समोरच्या पाइपाकडं बोट करून म्हणाली, "आबा, लाईट गेल्यावर वरचं पाणी माघारी येतं आणि मोटर उलटी फिरवतं, व्हय ना?"

"व्हय. व्हॉल्व्ह गेला आसला तर फिरवतं. मोटर जळती."

"तसंच. इंजिनानं पंखा फिरवायचा, तर वारा पंख्याला धरून इंजिन फिरवाय लागतो. मग ते आपल्या हातात राहत नाही."

बिरदेवानं पाइपावर हात ठेवला. "मानसं बसल्याली आसताना?" त्यानं विचारलं.

"बसलेली असताना."

 पारावर जायचं त्यानं सोडलं, ते कायमचंच.

बरेच महिने कुपवाडच्या एका कारखान्यात तिनं सुटे भाग तपासायचं काम केलं. मग ईशान्येकडच्या एका कंपनीनं तिला बोलावलं. जायच्या आधी ती खंडाळ्याला गेली. का गेली, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं.

नाथाजी ओसरीवर बसला होता. फार वाळला होता. तिला बघून उठून उभा राहिला.

"या," तो म्हणाला. "बसा. संयोगिता, मॅडम आल्यात. चहा टाक."

त्या 'या' आणि 'बसा'नं तिच्या काळजाचं पाणी झालं. त्यानं शिव्या घातल्या असत्या तर तिनं सोसल्या असत्या. संयोगितानं चहा आणून ठेवला आणि लगेच आत गेली.

"सर, मी आसामला चालले आहे."

"चांगलं आहे. तिकडं ढग फार. जपून राहा." मग उसाकडं बघत त्यानं विचारलं, "इंजिन उघडलं होतं म्हणे."

"हो, सर."

"काय निघालं?"

तिनं सांगितलं. पाती कुठं चिरली होती, किती खोल, सगळं. तो ऐकत होता तसा, जसा पूर्वी तिची गाऱ्हाणी ऐकायचा. संपल्यावर म्हणाला, "मला कुणी कळवलं नव्हतं." मग म्हणाला, "उन्हं उतरायच्या आत निघा. खंबाटकीला गाड्या तुंबतात."

ती पाया पडायला वाकली. त्यानं पाय मागं घेतले नाहीत, आणि डोक्यावर हातही ठेवला नाही.

दिवाळीनंतर विश्वजितचा फोन आला. साहेब गेले. उसाला पाणी पाजता पाजता बांधावरच कोसळले. स्वप्नाली हजार मैलांवर होती आणि रजा मिळाली नाही. मिळाली असती तरी त्या दारात उभं राहायची हिंमत तिला झाली असती की नाही, कोण जाणे.

काही आठवड्यांनी अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडं संयोगिता होती.

"माझा राग गेलेला नाही," ती सुरुवातीलाच म्हणाली. "पण सांगायचं राहू नये म्हणून केला फोन. तू येऊन गेल्यावर ते कधीकधी एकटेच बोलायचे. 'पोरीनं हात घातला नसता तर,' एवढंच म्हणायचे. पुढचं कधी बोलले नाहीत. मी विचारायची, 'तर काय?' तर उठून शेतात जायचे."

"काकी..."

"तुला काय अर्थ लावायचा तो लाव. मला लागला नाही." आणि फोन ठेवला.

स्वप्नाली आता डावीकडच्या खुर्चीत बसते, कॅप्टन आहे. शेजारी नवी पोरं येतात. त्यांना ती खटक्याचं पहिल्याच दिवशी सांगते, पण एवढंच, की हवेत हात तिकडं न्यायचा नाही, आणि माझा गेला तर अडवायचा. का, ते सांगत नाही. गावी ती क्वचितच येते. आली की विट्याला उतरून राहीबाईला भेटते. म्हातारीचा उजवा हात अजून डोक्यापर्यंत जात नाही, वेणी सून घालते. खरं काय घडलं ते तिला सांगून झालंय, फौजेतल्या लेकानंही समजावलंय. तरी ही निघायला उठली की म्हातारी दरवेळी म्हणते, "पट्टा ढिला केला मी, माजंच चुकलं बघ," आणि स्वप्नाली दरवेळी पुन्हा खाली बसते आणि तिला पहिल्यापासून सांगायला लागते.