सोपान आणि आमचा ‘कळप’

माझ्याविरुद्ध वकिलाची नोटीस धाडलेला माणूस मध्यस्थीच्या खोलीत शिरताना दाराशी चपला काढतो आणि मला बघून विचारतो, “सर, चहा झाला का?” अशा वेळी काय उत्तर द्यायचं, हे माझ्या वकिलानं मला शिकवलं नव्हतं. कठोर चेहऱ्याचा सराव मी आदल्या दिवशी आरशासमोर केला होता. तो चेहरा तिथंच गळून पडला. “झाला. तुझा?” असं मी विचारून बसलो आणि वकिलानं टेबलाखालून माझा पाय दाबला.

चपलांची सवय सोपानला माझ्याच क्लासात लागलेली. वीसेक वर्षांपूर्वी गारखेड्यात माझा कॉम्प्युटर क्लास होता. धुळीनं मशीन बिघडतात म्हणून मी दारावर तशी पाटी लावली होती. बाकीचे विद्यार्थी ती विसरले. सोपान मात्र पुढं बँकेतही कॉम्प्युटर दिसला की चपला काढायचा.

तो गंगापूरकडचा, मेंढपाळाच्या घरातला. वाळूजला कारखान्यात कामाला होता आणि पाळी संपली की टायपिंग शिकायला यायचा. इतर मुलं गेम खेळायची, तेव्हा हा मागं हात बांधून बघत उभा राहायचा. एकदा म्हणाला, “सर, समद्या खेळात मारायचंच का? राखायचं काय नाय का?”

गेम म्हणजे काय असतं यावर मी त्याला अर्धा तास व्याख्यान दिलं. त्यानं ते शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाला, “व्हय सर. पण राखायला लई डोकं लागतं.” पंधरा दिवसांत मी त्याच्या खेळाचा प्रोग्राम लिहायला बसलो होतो.

त्या खेळाचं नाव ‘कळप’. उसात घुसू न देता, लांडग्याच्या तोंडी पडू न देता, डांबरी रस्ता ओलांडून मेंढरं गोदावरीच्या काठाला न्यायची. आलेखाच्या वहीत चौकोन भरून सोपाननं एकेक मेंढरू काढलं. कुठलं भित्रं, कुठलं आगाऊ, तेही त्यानंच ठरवलं. मेंढरांना द्यायच्या हाळ्या तो घरून टेपवर भरून घेऊन आला. आम्ही तीन भाग केले. विकत फारसा कुणी घेतला नाही, पण सीडीच्या कॉप्या काढून जालन्यापासून नांदेडपर्यंत पोरं तो खेळली.

तिसऱ्या भागाच्या पहिल्या पडद्यावर मी फक्त माझं नाव टाकलं, तीन रंगांत. सोपाननं पाहिलं तेव्हा मी म्हणालो, “जागा कमी पडली रे.” बाकीचा पडदा पूर्ण रिकामा होता. तो “बरं सर” म्हणाला आणि क्लासला यायचा थांबला. त्याला माझं म्हणणं पटलं, असा मी अर्थ काढला.

एवढ्या वर्षांनी पुण्याच्या एका कंपनीला ‘कळप’ मोबाइलवर आणायचा होता. लहानपणी तो खेळलेली पोरं आता तिथं साहेब झाली होती. त्यांनी हक्क मागितले आणि मी इथल्या एका पेपरला मुलाखत देऊन टाकली. फोटो बायकोच्या पुस्तकांच्या कपाटापुढं काढला. खेळातल्या हाळ्या कुणाच्या आवाजात आहेत, असं विचारलं तेव्हा मी म्हणालो, “माझ्याच.” नव्या आवृत्तीत व्यावसायिक कलाकाराचा आवाज घेणार, हेही सांगितलं. चार दिवसांनी सोपानची नोटीस आली. दाव्याआधी समेटाचा प्रयत्न व्हावा म्हणून आम्हाला मध्यस्थीला बोलावलं. मध्यस्थ म्हणून एक निवृत्त न्यायाधीश बाई होत्या.

माझ्या वकिलाला एक युक्ती सुचली. ज्यानं खेळ बनवला तोच तो सराईतपणे खेळणार, म्हणून मी तो सगळ्यांसमोर खेळून दाखवायचा. लॅपटॉप उघडला. पहिल्या डावात माझी मेंढरं उसात गेली. दुसऱ्यात ट्रकखाली. तिसऱ्यात ती कुठं गेली ते मला अजूनही सांगता येणार नाही. बाईंनी चष्मा काढून पुसला.

सोपान खुर्ची सरकवून माझ्याजवळ आला. “सर, तुम्ही पुढं पळताय. मागं राहा. हं, आता हाळी द्या. आता थांबा जरा, ती मागची लंगडी येऊ द्या.” त्याच्या सांगण्यावर मी गोदावरी गाठली. मला इतका आनंद झाला की मी त्याला टाळी दिली. माझ्या वकिलानं फाइल मिटली.

बाईंनी विचारलं, “सोपानराव, तुम्हाला नेमकं काय हवंय?”

“हाळीचा आवाज बदलू नका म्हणावं, मॅडम. माझ्या वडलांचा हाय. ते गेले. घरात फोटो हाय त्यांचा, पण आवाज दुसरीकडं कुठंच नाय.”

बाई माझ्याकडं वळल्या. “पेपरात तर हा तुमचा आवाज म्हणून आलंय.”

“पेपरवाले काहीही छापतात,” मी म्हणालो.

सोपान टेबलाकडं बघत होता. मग हळूच म्हणाला, “छापतात, मॅडम.”

त्यानं मला उघडं पाडलं असतं तर मी भांडलो असतो. त्याची तयारी मी करून आलो होतो. पण विरुद्ध बाजूचा माणूस माझी लाज झाकायला खोटं बोलतोय, हे मला सहन झालं नाही. “नाही बाई,” मी म्हणालो, “मीच तसं सांगितलं होतं. आणि तिसऱ्या भागात जागा भरपूर होती.” दुसरं वाक्य बाईंना कळलं नाही. सोपानला कळलं.

मग तडजोड लिहायला अर्धा तास पुरला. दोघांचे हक्क सारखे, नावं एकाच आकारात, हाळ्या आहेत तशा. कुणाचं नाव आधी, असा प्रश्न निघाला. मी मुळाक्षरांचा मुद्दा मांडणार होतो, कारण माझं नाव ‘अ’वरून आहे. तेवढ्यात सोपान म्हणाला, “सरांचंच ठेवा आधी. त्यांना लागतं.” त्यात टोमणा नव्हता. एखाद्याला चहात साखर जास्त लागते, तसं त्यानं ते सांगितलं. आजवर माझ्याविषयी याहून खरं कुणी बोललेलं नाही.

खेळ बाजारात आला, त्या आठवड्यात तो मला मोटरसायकलवरून गावी घेऊन गेला. अंगणात त्याच्या आईच्या कानाशी मोबाइल धरून त्यानं हाळी लावली. म्हातारीनं डोळे मिटून ऐकलं. म्हणाली, “त्या दिशी पडसं झालं व्हतं त्यांला.” मग थोड्या वेळानं, “अजून एकदा लाव.” संध्याकाळपर्यंत तिनं दुसऱ्या कुणाच्या हाती मोबाइल दिला नाही. सोपान गोठ्याच्या भिंतीला टेकून बसला होता. मी त्याच्या शेजारी बसलो आणि खेळाविषयी बढाई मारली नाही. मला ते सहसा जमत नाही.

गेल्या वर्षी कारखान्यातच सोपानच्या छातीत कळ आली. दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला.

परवा कंपनीचा फोन आला. चौथा भाग काढायचा आहे, तुमची एक सही लागेल. मी म्हणालो, “माझ्या एकट्याच्या सहीनं चालायचं नाही. आधी गंगापूरला त्याच्या घरी जाऊन विचारावं लागेल.” हे मी वकील शेजारी नसताना बोललो.